समोर आहे ते काढ

इंटरमिजिएटच्या परीक्षेत माझा सगळ्यात आवडता पेपर स्मरणचित्राचा होता. विषय साधारण ठरलेले असायचे. भाजीबाजार, बसस्टॉप, पावसातली शाळा, विहिरीवरच्या बायका. आम्ही सगळ्यांनीच चार-पाच माणसं घोटून ठेवली होती. एक छत्रीवाला, एक डोक्यावर टोपली घेतलेली बाई, एक पाठमोरा मुलगा आणि वाकून काहीतरी उचलणारा एक म्हातारा. विषय कुठलाही येवो, हीच माणसं इकडची तिकडे बसवायची. बाजार आला तर म्हातारा कांदे उचलायचा, बसस्टॉप आला तर पिशवी. मला 'ए' ग्रेड मिळाली.

वस्तुचित्राला मात्र मी घाबरायचे. समोर तांब्या, फडकं, दोन लिंबं. सर मागून येऊन उभे राहायचे. "तांब्याचं तोंड गोल असतं हे तुला माहीत आहे, म्हणून तू गोल काढलंस. तिथून बसून गोल दिसतंय का?" दिसत नसायचं. चपटा लंबगोल दिसायचा. "माहीत आहे ते काढू नकोस. समोर आहे ते काढ."

हे वाक्य मी पुढे कॉलेजात ज्युनिअर मुलींना भरपूर ऐकवलं. स्वतः कितपत ऐकलं होतं, ते २०२३च्या डिसेंबरात कळलं.

*

रूमीचं खरं नाव वेगळं आहे. होस्टेलच्या पहिल्या दिवशी माझ्या आईने "ही बघ तुझी रूममेट" अशी ओळख करून दिली, तिची दोन दिवसांत 'रूमी' झाली. मी कमर्शियल आर्टला, ती बीकॉमला. ती साताऱ्याची. दर दोन महिन्यांनी तिचे बाबा पांढऱ्या वॅगन-आरमधून यायचे, कंदी पेढ्यांचे दोन बॉक्स घेऊन. एक तिला, एक मला. "वाटून खाल्ले की भांडणं होतात," म्हणायचे. होस्टेलच्या गेटसमोर गाडी लावली की खाली उतरून, दोन पावलं मागे जाऊन बघायचे. सरळ लागली नसेल तर पुन्हा बसून सरळ करायचे. आम्ही खिडकीतून मोजायचो, आज किती वेळा. रेकॉर्ड चारचा होता.

काका एप्रिल २०२१मध्ये गेले, दुसऱ्या लाटेत. मी साताऱ्याला गेले नाही. तेव्हा जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागायचा, हे खरं आहे. पुढे पास लागायचा बंद झाला, एसटी सुरू झाली, मी दोन वेळा महाबळेश्वरला जाऊन आले, हेही खरं आहे.

फोन मात्र मी नेमाने करायचे. दर आठ-दहा दिवसांनी. ऑफिसातले किस्से, कॉलेजातल्या कुणाकुणाची लग्नं. रूमी खळखळून हसायची. फोन ठेवल्यावर मला बरं वाटायचं. सावरतेय ती, असं मी आईला सांगायचे.

मग नोव्हेंबरात तिचा मेसेज आला. 'बाबांची गाडी विकतेय. फेब्रुवारीत पंधरा वर्षं होतील, पुन्हा पासिंगला खर्च घालायचा नाहीये. त्याआधी तिला एकदा समुद्र दाखवून आणू म्हणते. येतेस?'

मी लगेच हो म्हटलं. आणि दोन स्केचबुकं घेतली, एक तिच्यासाठी. मी पुण्यात एका कंपनीत ॲपचे स्क्रीन डिझाइन करते. म्हणजे दिवसभर चौकोनांचे कोपरे गोल करते. घरी आयपॅडवर फोटो बघून चित्रं काढते. बाहेर बसून कागदावर काढलेलं शेवटचं चित्र कॉलेजच्या टूरमधलं होतं. पाच दिवस समुद्राकाठी बसून चित्रं काढायची, ही कल्पना मला फारच आवडली. खरं सांगायचं तर त्या चित्रांच्या फोटोंची कल्पना जास्त आवडली.

"मला घर, डोंगर आणि मधला सूर्य एवढंच येतं," रूमी म्हणाली.

"चालेल," मी म्हटलं. तेव्हा मला वाटत होतं, शिकवायचं काम माझं आहे.

*

ताम्हिणी उतरून आम्ही श्रीवर्धनला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बागमांडल्याच्या जेट्टीवर आलो. सावित्रीची खाडी. पलीकडे वेश्वी. फेरीबोट समोरच्या काठाला होती. अर्धा तास हातात होता, म्हणून पहिलं स्केच तिथेच.

मी माड काढला. एक बारीक कललेला बुंधा, वर कारंजासारख्या झावळ्या, खाली निळ्याचे दोन फटकारे. सहा मिनिटं लागली. रूमीने मान वाकडी करून बघितलं.

"हा कुठला माड?"

"हाच की. समोरचा."

"हा वॉट्सॲपवरचा माड आहे गं. गुड मॉर्निंगवाला."

मी समोर बघितलं. म्हणजे पहिल्यांदाच बघितलं. बुंधा बारीक नव्हता. खाली हत्तीच्या पायासारखा जाड होता आणि तिथून वाकून मग सरळ वर गेला होता. गळून पडलेल्या झावळ्यांचे वण त्यावर कड्यांसारखे होते. सगळ्या झावळ्या कारंजासारख्या नव्हत्याच. मधल्या कोवळ्या उभ्या, त्याखालच्या आडव्या, आणि सगळ्यात जुन्या पिवळ्या पडून बुंध्याला चिकटून लोंबत होत्या. शिवाय बुंध्याला एक निळी नायलॉनची दोरी बांधली होती, दोरीला कुणाचा तरी टॉवेल.

रूमीच्या चित्रात टॉवेल होता. दोरी होती. मागचा विजेचा खांब, खांबावरचं क्लासच्या जाहिरातीचं फळकूट, सगळं होतं. रेषा लहान मुलासारखी थरथरलेली, झाड आणि खांब एकाच उंचीचे. पण ते चित्र बागमांडल्याचं होतं. माझं कुठलंही होतं.

"जाहिरात कशाला काढलीस?"

"आहे ना ती तिथे."

फेरीबोटीवर गाडी चढवताना ती गुणगुणत होती. मी स्केचबुक बॅगेत तळाशी घातलं. माझा चक्क अपमान झाला होता.

*

बाहेर बसून चित्र काढणं ही दिसायला फार निवांत गोष्ट आहे. प्रत्यक्षात सतत घाई असते. सावली सरकते. मासळीच्या टेम्पोमागे तुमचा विषयच दिसेनासा होतो. कावळा पाण्याच्या डबीत चोच घालतो. आणि किनाऱ्यावर जलरंग वाळता वाळत नाहीत. हवेत इतका ओलावा असतो की आकाशाचा हात मारून दहा मिनिटं वाट बघितली, तरी त्यावर डोंगराची रेघ ओढली की ती फुटून पसरते.

तरी आपली सोयच आहे म्हणायची. ट्यूब यायच्या आधी चित्रकार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांमध्ये भरून ठेवायचे. जॉन गॉफ रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने १८४१मध्ये धातूची ट्यूब काढली आणि रंग खिशात घालून बाहेर पडणं सोपं झालं. अलीकडे २००७मध्ये सिएटलच्या गॅब्रिएल कॅम्पानारिओ या पत्रकाराने 'अर्बन स्केचर्स' सुरू केलं. त्यांचा पहिला नियम असा की जागेवर बसून, जे दिसतंय ते काढायचं. फोटोवरून नाही. मी इन्स्टावर त्यांना किती वर्षं फॉलो करतेय! लाइक करायला जागेवर बसावं लागत नाही.

आंजर्ल्याला आम्ही दोन रात्री थांबलो. तिथे खाडीच्या काठावर, ओहोटीच्या चिखलात, एक हिरवी होडी होती. सकाळी दहाला मी तिच्यासमोर बसले आणि ठरवलं की आज माडासारखं करायचं नाही. नीट बघायचं. दीड तास खपले. फळ्यांच्या रेषा, उडालेला रंग, दोरखंडाचं वेटोळं. मागे एक आजोबा येऊन उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, ही होडी पाण्यात हाय का चिखलात?"

"चिखलात."

"मग सरळ कशी उभी? चिखलातली होडी कलते."

बघितलं तर होडी चांगलीच उजवीकडे कलली होती. फळीन् फळी बघूनही मला ते दिसलं नव्हतं. होडी म्हटली की सरळ, हे हाताने आधीच ठरवून टाकलं होतं.

"आता पुसू नका," आजोबा म्हणाले. "जेवून या. भरती आली की ती सरळ हुईल, मंग चित्र बरोबर."

रूमी इतकी हसली की तिचा ब्रश चिखलात पडला. भरती कधी येणार, असं तिने विचारलं तर त्यांनी हिशोब सांगितला. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची. उद्या चंपाषष्ठी, म्हणजे आज पंचमी. पाचाचे पाऊणपट पावणेचार. पावणेचारच्या सुमाराला पुरी भरती. दर दिवशी साधारण पाऊण तास पुढे. कोकणात हा हिशोब पोराटोरांना पाठ असतो, मी पहिल्यांदा ऐकला.

आम्ही खरंच जेवून परत आलो. तीन वाजता पाणी होडीखाली आलं होतं, आणि होडी सावकाश, कुणीतरी झोपेतून उठावं तशी, सरळ झाली. माझ्या चित्राला आता कुणी नावं ठेवू शकलं नसतं. पण खाली मी चिखल रंगवला होता.

*

त्याच संध्याकाळी हर्णैला गेलो. बंदरावर मासळीचा लिलाव चालू होता. सुरमई, बांगडे, कोळंबीचे ढीग, बर्फ, आरडाओरडा. तिथे बसून काढणं आम्हाला झेपलं नसतं. म्हणून समोर समुद्रातला सुवर्णदुर्ग काढायला घेतला. मी गोवा किल्ल्याच्या तटावर चढून बसले, रूमी खाली वाळूतच बसली. तिला चढायचा कंटाळा आला होता.

सूर्य बुडाल्यावर चित्रं शेजारी ठेवली तर किल्ला एकच, पण दोन वेगळे. माझ्या चित्रात क्षितिजाची रेघ किल्ल्याच्या तटाच्या वरच्या भागातून जात होती. किल्ला पाण्यात रुतून बसल्यासारखा दिसत होता. तिच्या चित्रात क्षितिज अगदी खाली, तटाच्या पायाशी, आणि अख्खा किल्ला आभाळात उठलेला.

"माझं चुकलं ना?" तिने विचारलं.

चुकलं नव्हतं. क्षितिज नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असतं. आपण उभे राहिलो की ते वर येतं, बसलो की आपल्याबरोबर खाली बसतं. ती वाळूत होती, मी तटावर. दोघींची चित्रं बरोबर होती. पर्स्पेक्टिव्हच्या तासाला मी हे शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. पण एकाच किल्ल्याची दोन खरी चित्रं शेजारी शेजारी कधी बघितली नव्हती.

रात्री खोलीवर मी तिला सुवर्णदुर्गाचा एक किस्सा सांगितला. १७५५मध्ये विल्यम जेम्स नावाच्या इंग्रज कमोडोरने हा किल्ला तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. पेशवे तेव्हा इंग्रजांच्या बाजूने होते. जेम्स १७८३मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बायकोने लंडनमध्ये शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर त्याची आठवण म्हणून एक मनोरा बांधला. नाव दिलं 'सेव्हर्नड्रूग कॅसल'. सेव्हर्नड्रूग म्हणजे सुवर्णदुर्ग. तो मनोरा अजून आहे. मी फोटो दाखवला. विटांचा, त्रिकोणी, उंच. हर्णैच्या किल्ल्याशी काडीचंही साम्य नाही.

मला त्यात गंमत वाटत होती. रूमीने फोटो बराच वेळ बघितला.

"तिला किल्ल्याशी काय करायचंय," ती म्हणाली. "तिचा नवरा गेला होता."

मग दिवा घालवून कुशीवर वळली. मी जागी होते. तीही जागी होती, हे मला श्वासावरून कळत होतं. होस्टेलमध्ये तीन वर्षं शेजारच्या कॉटवर झोपल्यावर एवढं कळतं. मी काही बोलले नाही.

*

दुसऱ्या दिवशी दाभोळला आमच्या डोळ्यांदेखत फेरीबोट सुटली. पुढची येईपर्यंत थांबणं आलं. जेट्टीजवळच आदिलशाही काळातली जुनी मशीद आहे, तिथे सावलीत बसलो. समोर वाशिष्ठीची रुंद खाडी, पलीकडे धोपावे. रूमी पायऱ्यांवर बसून पाण्याकडे बघत होती. मी म्हटलं, हलू नकोस, तुला काढते.

माणूस काढणं मला जमतं. रूमीला तर मी कॉलेजात शेकडो वेळा काढलंय. लेक्चरला, कँटीनमध्ये, पंख्याखाली केस वाळवताना. हात आपोआप चालला. पंधरा मिनिटांत झालं आणि चांगलं झालं. या प्रवासातलं पहिलं चांगलं चित्र. मी तिच्याकडे दिलं.

तिने बघितलं. "मी हसतेय यात."

"हो."

"मी आत्ता हसत होते?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती हसत नव्हती. मला नक्की आठवत होतं की ती हसत नव्हती, कारण ती काय करत होती ते मी बघितलंच नव्हतं.

"तुझी चूक नाहीये," ती म्हणाली. "तुझ्याकडे माझा हाच चेहरा आहे. तू फोन करायचीस ते मला हसवायला. मी हसायचे. नाही हसले तर तू अजून एक किस्सा सांगायचीस, मग तोही संपेपर्यंत थांबावं लागायचं. म्हणून पहिल्यालाच हसायचे."

पाण्यावरून डिझेलचा वास येत होता. एक मुलगा सायकलचं टायर काठीने पळवत गेला.

"बाबा गेले तेव्हा तू आली नाहीस," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. बँकेत ती खातेदाराला शिल्लक सांगते, तसं सांगितलं. "तेव्हा कुणीच आलं नाही, तेव्हाचं मी धरत नाही. पण नंतरही आली नाहीस. आई विचारायची, ती पेढेवाली पोरगी कशी आली नाही. मी सांगायचे, तिला सुट्टी नाही मिळत."

मला ई-पासचं सांगावंसं वाटलं. जिभेवर आलं होतं.

"मला भीती वाटली," मी म्हटलं. "तू रडलीस तर मी काय करायचं, ते मला माहीत नव्हतं."

"मलाही नव्हतं माहीत."

मग बराच वेळ आम्ही दोघी खाडीकडे बघत बसलो. शेजारी शेजारी बसून एकाच दिशेला बघत असल्यामुळे ते शक्य झालं असावं. समोरासमोर, कॅफेत टेबलाच्या दोन बाजूंना बसून, हे बोलणं आमच्याकडून झालं नसतं. पण मी हा विचार नंतर केला. तेव्हा फक्त कान तापले होते आणि सॉरी हा शब्द फार छोटा वाटत होता. तरी तो म्हटला. ती "हं" म्हणाली.

थोड्या वेळाने तिने स्केचबुक माझ्याकडे सरकवलं. पान उलटून, कोरं करून.

"परत काढ. समोर आहे ते काढ."

मी काढलं. वीस मिनिटं, किंवा जास्त. कानाच्या वरचे केस पांढरे झाले होते, तिशी नुकतीच लागलेली असताना. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता. ती बसली होती ती स्वतःचं एक कोपर दुसऱ्या हाताने घट्ट धरून. डोळ्यांखाली सूज नव्हती, तशा गोष्टी सिनेमात असतात. नुसतं थकलेलं, शांत, कुठलाच भाव न दाखवणारं तोंड होतं. दाखवायला समोर कुणी नसेल तेव्हा असतं तसं. कॉलेजातल्या शंभर चित्रांत मला हा चेहरा एकदाही दिसला नव्हता. तेव्हा नसेल कदाचित. असेलही.

चित्र चांगलं आलं नाही. नाक मोठं झालं, जबडा चुकला. रूमीने बघितलं आणि नाकावर काही बोलली नाही.

"ही आहे," म्हणाली.

फेरीबोट आली. गाडी बोटीवर चढवताना तिने एकदा दोन पावलं मागे जाऊन बघावं, असं मला उगाच वाटलं. तिने नाही बघितलं. गाडी वाकडीच होती. बोटीवरच्या माणसाने ओरडून सरळ करून घेतली.

*

गुहागरला एक रात्र काढली आणि हेदवीवरून तवसाळला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. इथून शास्त्रीच्या खाडीपलीकडे जयगड. ही आमची शेवटची खाडी. मी जयगडचा डोंगर काढायला बसले. रूमी समुद्राकडे पाठ करून, गाडीकडे तोंड करून बसली.

"गाडी काढतेस?"

"उद्या तिला काढायला जमणार नाही. घरी गेले की गिऱ्हाईक येणार आहे."

ती तासभर काढत होती. मी मधेच एकदा वाकून बघितलं आणि माझ्यातला वस्तुचित्राचा मास्तर जागा झाला. गाडी तिने एका कोपऱ्यातून काढली होती, पण चारही चाकं दिसत होती. तिथून तीनच दिसत होती. चौथं चाक कागदावर जणू गाडी पारदर्शक असावी तसं आलं होतं. आणि पुढच्या बंपरला लिंबू-मिरची. एक लिंबू, सात मिरच्या, मोजून.

समोरच्या गाडीला लिंबू-मिरची नव्हती. बंपरला नुसता दोऱ्याचा एक काळा तुकडा राहिला होता. काका दर शनिवारी बदलायचे. होस्टेलला आले आणि शनिवार असला तर आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडून घ्यायचे.

"रूमी, लिंबू-मिरची..." मी बोलून गेले.

"नाहीये. माहितीये मला," ती म्हणाली. हिरव्या रंगाने मिरच्या भरत होती, जीभ किंचित बाहेर काढून. "तुम्हाला तो एक पेपर असायचा ना. आठवून काढायचा."

"स्मरणचित्र."

"ते आहे हे."

मी गप्प बसले. इतकी वर्षं मला वाटत होतं की आठवून काढणं सोपं आणि बघून काढणं अवघड. सोपं असायचं, कारण माझ्या स्मरणचित्रातली माणसं कुणाचीच नव्हती. तो छत्रीवाला, ती टोपलीवाली बाई मी कधी पाहिली नव्हती. रूमीचंही मी तेच केलं होतं. एक हसरी मुलगी घोटून ठेवली होती आणि विषय कुठलाही आला तरी तिथे बसवत होते. हिचं तसं नव्हतं. तिने आधी गाडीकडे तासभर नीट बघितलं होतं आणि मग जे तिथून गेलं होतं, ते भरलं होतं.

चौथ्या चाकाबद्दल मी आजपर्यंत काही बोललेले नाही.

*

मालगुंडला रात्र काढून दुसऱ्या दिवशी चिपळूणवरून कुंभार्ली घाट चढलो. घाटात गार वारा लागला आणि आठवलं, घरी जायचंय. पाटण, उंब्रज, मग हायवे. ठरल्याप्रमाणे रूमी मला सातारच्या एसटी स्टँडवर सोडणार होती. पुण्याच्या गाड्या तिथून सारख्या सुटतात.

स्टँडच्या आधीच्या सिग्नलला ती म्हणाली, "घरी येतेस?"

हे तिने आधीही विचारलं होतं. २०२१च्या दिवाळीत, नंतर एकदा यात्रेला, नंतर आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी. प्रत्येक वेळी मी कामाचं काहीतरी सांगितलं होतं. त्याही दिवशी दुसऱ्या दिवशीचं ऑफिस होतं, खरोखरच.

"येते," मी म्हटलं.

काकू दारात आल्या तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना. मग बघितलं. त्या खूप बारीक झाल्या होत्या. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आलीस होय." एवढंच. मला पाया पडायचं होतं, त्याऐवजी मी रडायलाच लागले. काय करायचं ते त्यांना बरोबर माहीत होतं. आत नेऊन बसवलं, पाणी दिलं आणि रूमीला कुकर लावायला सांगितलं.

जेवताना रूमीने तिचं स्केचबुक काढलं. काकूंनी चष्मा लावून एकेक पान बघितलं. बागमांडल्याचा जाहिरातीसकट माड, हर्णैचा आभाळात उठलेला किल्ला. गाडीच्या पानावर त्या थांबल्या. बोटाने मिरच्या मोजल्या.

"लिंबू-मिरची बरोबर काढलीस," त्या म्हणाल्या. मग पान जरा लांब धरून, मान मागे घेऊन बघितलं. "पण गाडी वाकडी लागलीय. ह्यांनी अशी कधी लावली नसती."